नकाशात न मावणारा देश

प्रास्ताविक

एखाद्या देशाचा नकाशा काढायला सांगितला, की आपला हात आपोआप एक सलग रेषा ओढू लागतो. रेषेच्या आत तो देश आणि रेषेबाहेर परमुलूख. भारताचा नकाशा काढतानाही आपण असेच करतो. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप यांचे ठिपके नंतर आठवणीने काढावे लागतात आणि पुष्कळदा ते राहूनच जातात. परंतु ज्या राष्ट्राची सारी भूमीच अशा ठिपक्यांची बनलेली आहे, त्याचा नकाशा कसा काढावा? एका ठिपक्यापासून दुसरा ठिपका हजार-दोन हजार किलोमीटर दूर असेल, तर प्रमाण कोणते घ्यावे? प्रमाण मोठे घेतले तर दूरची बेटे कागदाबाहेर जातात आणि लहान घेतले तर सगळीच बेटे दिसेनाशी होतात.

हिंदी महासागरातील मॉरिशस हे असे राष्ट्र आहे. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून तेथे गेलेल्या मजुरांचे वंशज आजही आपली मराठी ओळख सांगतात. मात्र 'मॉरिशस' म्हणताच डोळ्यांसमोर येते ते एकच बेट. प्रस्तुत पाठात त्या बेटाबरोबर त्याच्या आसपासच्या, दूरच्या आणि वादात सापडलेल्या बेटांचीही ओळख करून घ्यायची आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला मुख्य बेट, दूरस्थ बेट आणि अंकित बेट या संज्ञांमधील फरक स्पष्ट करता येईल. लहानशा बेटालाही राष्ट्राच्या दृष्टीने मोल का असते, याची कारणे देता येतील. आणि कराराच्या मजकुरातील एका शब्दाच्या अर्थावरून केवढा वाद उभा राहू शकतो, हे उदाहरणाने सांगता येईल.

मूळ पाठ

राज्यघटनेतील यादी

मॉरिशसच्या राज्यघटनेत 'मॉरिशस' या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. देशाच्या नावाची व्याख्या करण्याची वेळ सहसा येत नाही. येथे मात्र ती आली. १११ व्या कलमात म्हटल्याप्रमाणे मॉरिशस म्हणजे मॉरिशस, रॉड्रिग्ज, अगालेगा, ट्रोमेलिन, कार्गादोस काराहोस ही बेटे आणि दिएगो गार्सियासह चागोस द्वीपसमूह. या सर्वांचा उल्लेख करून झाल्यावर राष्ट्रात समाविष्ट असलेल्या अन्य कोणत्याही बेटासाठी जागा ठेवलेली आहे.

ही यादी वरवर पाहता भूगोलाची वाटते. वस्तुतः ती इतिहासाची आहे. यादीतील मॉरिशस हे मुख्य बेट. सत्ता, बाजार, बंदर आणि बहुसंख्य लोकवस्ती तेथे एकवटलेली आहे. रॉड्रिग्ज, अगालेगा आणि कार्गादोस काराहोस ही दूरस्थ बेटे. अंतराने दूर, तरीही निर्विवादपणे राष्ट्राची. आणि 'अंकित' हा शब्द वसाहतकाळातला. फ्रेंच व इंग्रज राज्यकर्ते मुख्य बेटावरून ज्या लहान बेटांचा कारभार पाहत, त्या सर्वांना ते मुख्य बेटाची अंकित बेटे म्हणत. एके काळी या वर्गात सेशेल्सचीही गणना होई. १९०३ साली सेशेल्स ही निराळी वसाहत झाली आणि १९७६ साली ते स्वतंत्र राष्ट्र बनले. उरलेल्या अंकित बेटांपैकी काहींचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही.

मुख्य बेट

मादागास्करच्या पूर्वेस सुमारे आठशे कि.मी. अंतरावर मॉरिशस बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौ. कि.मी., म्हणजे आपल्या गोवा राज्याच्या जवळजवळ निम्मे. समुद्राच्या तळाशी झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकातून सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी ते वर आले. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे आहे. बेटाभोवती प्रवाळांची भिंत असल्यामुळे मोठ्या लाटा बाहेरच फुटतात आणि किनाऱ्यालगत उथळ, शांत पाण्याचे सरोवर तयार होते. अशा सरोवरास 'खाजण' म्हणण्याचा मोह कोकणातील वाचकास होईल. परंतु खाजण चिखलाचे, हे पांढऱ्या वाळूचे.

मॉरिशस, रॉड्रिग्ज आणि फ्रान्सच्या ताब्यातील रेयुनियों या तीन बेटांना मिळून मास्करीन बेटे म्हणतात. हे नाव पेद्रो मास्करेन्हस या पोर्तुगीज दर्यावर्दीवरून पडले. हाच मास्करेन्हस पुढे १५५४ मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानचा व्हाइसरॉय म्हणून गोव्यात आला आणि दुसऱ्याच वर्षी तेथे निधन पावला. पोर्तुगीजांनी या बेटांवर वस्ती मात्र केली नाही. १५९८ साली डच आले. त्यांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाला 'मॉरिशस' नाव दिले. त्यांनीच जावा बेटातून ऊस आणला. उडता न येणारा डोडो पक्षी त्यांच्याच काळात नाहीसा झाला. १६६२ नंतर तो पाहिल्याची विश्वसनीय नोंद नाही. डच १७१० मध्ये बेट सोडून गेले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी ते घेतले, १८१० मध्ये इंग्रजांनी जिंकले. जिंकताना इंग्रजांनी रहिवाशांचे कायदे, भाषा आणि धर्म कायम ठेवण्याचे मान्य केले. म्हणूनच दीडशेहून अधिक वर्षे इंग्रजी अंमल असूनही तेथील वर्तमानपत्रे मुख्यतः फ्रेंचमध्ये निघतात आणि घराघरांत फ्रेंचपासून घडलेली क्रिओल भाषा बोलली जाते.

१८३५ साली गुलामगिरी रद्द झाली. उसाच्या मळ्यांना हात हवे होते. त्याच्या आदल्या वर्षी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईला पोहोचले होते. पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय त्याच वाटेने गेले. भोजपुरी मजूर या देशाला 'मिरिच' म्हणत. मद्रास इलाख्यातून तमिळ आणि तेलुगू माणसे गेली. मुंबई बंदरातून रत्नागिरी आणि आसपासच्या भागांतील मराठी माणसे गेली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरल्यावर सोळा दगडी पायऱ्या चढून नोंदणीच्या आवारात जावे लागे. ते आवार आज 'आप्रवासी घाट' म्हणून ओळखले जाते. २००६ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

मराठी समाज संख्येने तेथे लहान आहे. घरातली बोली बहुतेकांची क्रिओल झाली आहे. तथापि शाळांमधून मराठी हा ऐच्छिक विषय शिकवला जातो, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे उच्च शिक्षण मिळते आणि गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते. बोलण्यातून गेलेली भाषा सणातून आणि शाळेतून टिकवण्याचा हा प्रयत्न आहे.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले आणि १२ मार्च १९९२ रोजी प्रजासत्ताक बनले.

किनाऱ्याजवळचे खडे

मुख्य बेटाच्या किनाऱ्यालगत पन्नासेक लहान बेटे विखुरलेली आहेत. त्यांना स्वतंत्र राजकीय महत्त्व नाही. पण काही गोष्टी केवळ तेथेच शिल्लक राहिल्या. उत्तरेकडील 'गोल बेट' सुमारे सव्वादोन चौ. कि.मी.चे आहे. मुख्य बेटावर उंदरांनी आणि मांजरांनी जे सरपटणारे प्राणी संपवले, ते या बेटावर वाचले, कारण उंदीर तेथे कधी पोहोचलेच नाहीत. माणसाने सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी मात्र वनस्पतींचा फडशा पाडला होता. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे पूर्णपणे हटवले गेले, तेव्हा झाडोरा पुन्हा धरू लागला. या गोल बेटाशेजारी 'सर्प बेट' आहे. गंमत अशी, की सर्प बेटावर साप नाहीत आणि ते आकाराने गोल आहे, तर साप आहेत ते गोल बेटावर. नकाशावर नावे लिहिताना कोणीतरी अदलाबदल केली असावी, असे तेथे सांगितले जाते.

याच भागातील 'सपाट बेटा'ची आठवण कटू आहे. जहाजात पटकीची साथ असल्यास मजुरांना मुख्य बेटावर न उतरवता तेथे आणि लगतच्या गॅब्रिएल बेटावर वेगळे ठेवीत. १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांतील पुष्कळ माणसे पुरेसे अन्न, पाणी व निवारा नसल्यामुळे तेथेच मरण पावली. ही बातमी हिंदुस्थानात पोहोचल्यावर मॉरिशसला मजूर पाठवणे काही काळ बंद ठेवण्यात आले.

रॉड्रिग्ज

मुख्य बेटाच्या पूर्वेस सुमारे ५६० कि.मी. अंतरावर रॉड्रिग्ज आहे. विमानाने दीड तास, जहाजाने दीड दिवस. क्षेत्रफळ १०८ चौ. कि.मी.; लोकसंख्या चाळीस हजारांहून थोडी अधिक. प्रवाळभिंतीच्या आतील उथळ पाण्याचे क्षेत्र मात्र सुमारे दोनशे चौ. कि.मी. आहे. म्हणजे या बेटाचे अंगण घराहून दुप्पट मोठे आहे. ओहोटीच्या वेळी स्त्रिया टोकदार सळई घेऊन या उथळ पाण्यात उतरतात आणि खडकांच्या कपारींतून अष्टपाद पकडतात. पकड बेसुमार वाढून अष्टपाद कमी होऊ लागले, तेव्हा २०१२ पासून वर्षातील काही आठवडे पकडीवर बंदी घालण्यात आली आणि त्या काळात मच्छीमारांना अन्य कामे देण्यात आली. बंदीनंतर मिळणारे अष्टपाद वजनाने भरतात, हा अनुभव आल्यावर लोकांचा विरोध मावळला.

या बेटाचा पहिला तपशीलवार वृत्तान्त फ्रांस्वा लेगा याने लिहिला. धर्मच्छळामुळे फ्रान्स सोडावे लागलेला हा गृहस्थ १६९१ साली काही साथीदारांसह तेथे येऊन दोन वर्षे राहिला. त्याने पाहिलेली महाकाय कासवे आणि 'सॉलिटेअर' नावाचा न उडणारा पक्षी पुढील शतकात नामशेष झाले. याउलट घडलेल्या गोष्टीही आहेत. पूर्णपणे नष्ट झाली असे मानलेली एक रानकॉफीची जात १९८० च्या सुमारास एका शाळकरी मुलाच्या नजरेस पडली. जगात तिचे तेवढे एकच झाड उरले होते. शिक्षकांनी आणलेले चित्र पाहून मुलाने ते ओळखले होते. तेथील फळे खाणाऱ्या वटवाघळांची संख्या १९७० च्या दशकात शंभराखाली गेली होती, ती आता कित्येक हजारांवर गेली आहे.

आणखी एका नोंदीमुळे रॉड्रिग्जचे नाव विज्ञानाच्या इतिहासात आले. २७ ऑगस्ट १८८३ रोजी तेथील पोलीस प्रमुखाने पूर्वेकडून दूरवर तोफा डागल्यासारखे आवाज येत असल्याचे लिहून ठेवले. ते तोफांचे आवाज नव्हते. सुमारे ४,८०० कि.मी. अंतरावरील क्राकाटोआ ज्वालामुखीचा तो स्फोट होता.

रॉड्रिग्जचे लोक बहुतांशी आफ्रिकी व मालागासी वंशाचे आणि कॅथलिक आहेत. मुख्य बेटावर भारतीय वंशाचे लोक बहुसंख्य आहेत. हा फरक राजकारणात उमटणे साहजिक होते. १९६७ च्या निवडणुकीत रॉड्रिग्जच्या मतदारांनी स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला जवळजवळ एकमुखाने मते दिली. तरीही पुढच्या वर्षी स्वातंत्र्य आले आणि रॉड्रिग्जला त्याबरोबर जावे लागले. पाण्याची टंचाई, रस्ते, बंदर, रोजगार या प्रत्येक गोष्टीसाठी पोर्ट लुईकडे डोळे लावून बसावे लागते, ही तक्रार अनेक वर्षे होती. अखेर २००१ मध्ये कायदा झाला आणि ऑक्टोबर २००२ पासून रॉड्रिग्जला स्वतःची प्रादेशिक विधानसभा आणि स्वायत्त कारभार मिळाला. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण पोर्ट लुईकडेच आहे. दूरस्थ बेटाला राष्ट्रात ठेवायचे तर त्याला त्याचा कारभार द्यावा लागतो, हे मुख्य बेटाने ओळखायला चौतीस वर्षे लागली.

पाठगत प्रश्न १

१. मॉरिशसच्या राज्यघटनेत देशाच्या नावाची व्याख्या का द्यावी लागली असेल?
२. 'या बेटाचे अंगण घराहून दुप्पट मोठे आहे' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. अष्टपादांच्या पकडीवर काही आठवडे बंदी घातल्याने काय लाभ झाला?

अगालेगा आणि कार्गादोस काराहोस

मुख्य बेटाच्या उत्तरेस सुमारे १,१०० कि.मी. अंतरावर अगालेगाची उत्तर आणि दक्षिण अशी दोन सखल बेटे आहेत. दोन्ही मिळून सुमारे पंचवीस चौ. कि.मी. ओहोटीच्या वेळी एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जाता येते. वस्ती तीनशेच्या आसपास. पिढ्यान्‌पिढ्या तेथे नारळाची बाग आणि खोबरे हाच एक उद्योग होता. उत्तर बेटावरील वस्तीचे नाव फ्रेंचमध्ये 'पंचवीस' असे आहे. हा आकडा गुलामांना मारल्या जाणाऱ्या फटक्यांचा, असे सांगितले जाते. मुख्य बेटावरून वर्षातून मोजक्या वेळाच जहाज येई. आजारी माणसाला हलवायचे तर छोट्या धावपट्टीवर लहान विमान उतरे.

२०१५ साली भारत आणि मॉरिशस यांच्यात अगालेगाच्या दळणवळणाविषयी करार झाला. भारताच्या साहाय्याने बांधलेली तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का यांचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी दूरदृश्य पद्धतीने केले. तीनशे माणसांसाठी एवढी मोठी धावपट्टी कशाला, असा प्रश्न मॉरिशसमध्येही विचारला गेला. सागरी टेहळणीच्या दृष्टीने तिचा उपयोग उघड आहे. भारताचा लष्करी तळ तेथे होणार असल्याचे मॉरिशस सरकारने वेळोवेळी नाकारले आहे. तथापि बेटावरील माणसांची चिंता वेगळी होती: चागोसच्या लोकांचे झाले तसे आपले तर होणार नाही ना? ही भीती कोठून आली, ते पुढे दिसेल. डिसेंबर २०२४ मध्ये 'चिडो' चक्रीवादळाने उत्तर बेटावरील घरांची मोठी हानी केली, तेव्हा मदत उतरली ती याच धावपट्टीवर.

कार्गादोस काराहोस, म्हणजेच सेंट ब्रँडन, ही मुख्य बेटाच्या ईशान्येस सुमारे ४३० कि.मी. अंतरावरील एका लांबलचक प्रवाळरांगेवर विसावलेली वाळूची बेटुकली आहेत. त्यांची संख्या सांगणे अवघड, कारण एखादे वादळ बेट गिळते आणि दुसरे वादळ नवे उभे करते. सारी मिळून जमीन दीड चौ. कि.मी.देखील भरत नाही. तेथे कायमची वस्ती नाही. मासेमारीसाठी पाळीपाळीने येणारे लोक, हवामान केंद्रावरचे कर्मचारी आणि असंख्य समुद्रपक्षी एवढेच रहिवासी.

अशा बेटुकल्यांसाठी राष्ट्रे आग्रह का धरतात? उत्तर सागरी कायद्यात आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारानुसार किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० कि.मी.पर्यंत, मासे आणि समुद्रतळाखालील खनिजे यांवर त्या राष्ट्राचा अनन्य हक्क असतो. हे अंतर मुख्य बेटापासून मोजले जाते, तसेच प्रत्येक दूरस्थ बेटापासूनही. ज्या खडकावर मानवी वस्ती तग धरू शकत नाही, त्याला असा हक्क मिळत नाही. म्हणून चार माणसे आणि एक झोपडी यांनाही कायद्यात वजन येते. मॉरिशसची जमीन सारी मिळून सुमारे २,०४० चौ. कि.मी.; परंतु चागोस धरून त्याच्या हक्काचा सागर सुमारे तेवीस लाख चौ. कि.मी. होतो. भारताच्या भूक्षेत्राच्या दोन-तृतीयांशाहून हा विस्तार अधिक आहे.

ट्रोमेलिन : एका शब्दाचा वाद

मॉरिशसच्या वायव्येस साडेपाचशे कि.मी. अंतरावर, एक चौ. कि.मी. आकाराचे, समुद्रसपाटीपासून जेमतेम सात मीटर उंचीचे ट्रोमेलिन बेट आहे. ३१ जुलै १७६१ रोजी 'युटिल' नावाचे फ्रेंच जहाज त्यावर आदळले. जहाजात चोरून आणलेले मालागासी गुलाम होते. फळ्यांखाली कोंडलेले त्यांतील अनेक जण बुडाले. वाचलेल्या खलाशांनी फुटक्या जहाजाच्या लाकडांतून दोन महिन्यांत एक गलबत बांधले, स्वतः त्यात चढले आणि सुमारे साठ मालागासी माणसांना परत येऊन नेण्याचे वचन देऊन निघून गेले. वचन पाळले गेले नाही. गुलामांसाठी जहाज पाठवण्यास गव्हर्नरने नकार दिला.

पंधरा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १७७६ रोजी, द ट्रोमेलिन या अधिकाऱ्याचे जहाज तेथे पोहोचले, तेव्हा सात स्त्रिया आणि आठ महिन्यांचे एक बाळ जिवंत होते. झाडे नसलेल्या त्या बेटावर त्यांनी प्रवाळाच्या दगडांची घरे रचली होती, पक्ष्यांच्या पिसांची वस्त्रे केली होती आणि कासवे व पक्षी यांवर गुजराण केली होती. २००६ पासून झालेल्या उत्खननात त्या घरांच्या भिंती आणि पुन्हा पुन्हा ठोकून दुरुस्त केलेली तांब्याची भांडी सापडली. बेटाला नाव मात्र सोडवायला आलेल्या अधिकाऱ्याचे मिळाले.

आज ट्रोमेलिन फ्रान्सच्या ताब्यात असून तेथे १९५४ पासून हवामान केंद्र आहे. १९७६ पासून मॉरिशस त्यावर हक्क सांगते. वादाचे मूळ १८१४ च्या पॅरिस करारात आहे. फ्रान्सने मॉरिशस व त्याची अंकित बेटे इंग्रजांना दिली, असे त्यात म्हटले आहे आणि पुढे रॉड्रिग्ज व सेशेल्स यांची नावे आहेत. या नावांच्या आधी इंग्रजी मजकुरात जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'विशेषतः' असा होतो. फ्रेंच मजकुरातील शब्दाचा अर्थ 'नामनिर्देशपूर्वक' असा लावला जातो. 'विशेषतः' म्हटले तर ही दोन नावे केवळ उदाहरणादाखल ठरतात आणि ट्रोमेलिनही दिले गेले असे होते. 'नामनिर्देशपूर्वक' म्हटले तर ज्यांचे नाव घेतले तेवढीच बेटे दिली, ट्रोमेलिन राहिले. २०१० मध्ये दोन्ही देशांनी बेटाचा कारभार मिळून पाहण्याचा करार केला. फ्रान्सच्या संसदेने तो अद्याप संमत केलेला नाही.

चागोस

मुख्य बेटाच्या ईशान्येस सुमारे २,२०० कि.मी. अंतरावर चागोस द्वीपसमूह आहे. साठाच्या आसपास बेटे, त्यांतील सर्वांत मोठे दिएगो गार्सिया. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधील गुलाम तेथे नेले. पुढे काही भारतीय मजूरही गेले. खोबरेल तेल काढणे हा धंदा असल्यामुळे त्यांना 'तेलाची बेटे' म्हणत. दीडशे वर्षांत तेथे एक समाज घडला. त्याची स्वतःची क्रिओल बोली होती, चर्च होते, दफनभूमी होती.

१९६५ साली मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी लंडनमध्ये चालू असताना ब्रिटनने चागोस वेगळे करण्याची अट पुढे केली. त्यापोटी तीस लाख पौंड देण्याचे ठरले. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश' नावाची नवी वसाहत निर्माण झाली आणि पुढच्या वर्षी दिएगो गार्सिया अमेरिकेला लष्करी तळासाठी देण्याचा करार झाला. वसाहत तोडून मग स्वातंत्र्य द्यायचे नाही, असा संयुक्त राष्ट्रांचा १९६० चा ठराव होता. तो आड येऊ नये म्हणून तेथे कायमचे रहिवासी नाहीत, केवळ कंत्राटी मजूर आहेत, अशी भूमिका ब्रिटिश अधिकाऱ्यांनी घेतली. माणसे होती, कागदावर ती नाहीशी करण्यात आली.

नंतर ती प्रत्यक्षातही नाहीशी करण्यात आली. औषधोपचारासाठी किंवा नातेवाइकांना भेटण्यासाठी मॉरिशसला गेलेल्यांना १९६८ पासून परतीचे जहाज नाकारले जाऊ लागले. दिएगो गार्सियावरील मळा १९७१ मध्ये बंद झाला, पाळलेली कुत्री मारून टाकण्यात आली आणि लोकांना जहाजांत भरण्यात आले. उरलेली बेटे १९७३ पर्यंत रिकामी झाली. दीड ते दोन हजार माणसे मॉरिशस आणि सेशेल्सच्या बंदरांवर उतरली. नारळ सोलण्याचे आणि मासे पकडण्याचे त्यांचे कसब पोर्ट लुईच्या झोपडवस्तीत निरुपयोगी होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनने नुकसानभरपाईची आणखी रक्कम दिली, तेव्हा परतण्याचा हक्क सोडत असल्याच्या कागदांवर लोकांच्या सह्या घेण्यात आल्या. कागद इंग्रजीत होते. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनी अंगठे उमटवले. आपण काय सोडून दिले, हे त्यांतील अनेकांना फार उशिरा कळले.

पुढचा लढा न्यायालयांत झाला. ऑलिव्हिए बँकू यांच्या नेतृत्वाखाली चागोसवासीयांनी २००० साली लंडनच्या उच्च न्यायालयात एक निकाल जिंकला. २००८ मध्ये मात्र ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. दरम्यान मॉरिशस सरकार हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे नेत होते. सप्टेंबर २०१८ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे लिस्बी एलिझे या वृद्ध महिलेचे निवेदन चित्रफितीद्वारे सादर झाले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून त्या क्रिओलमध्ये बोलल्या आणि न्यायाधीशांनी ऐकले. पेरोस बान्होस बेट सोडायला लागले तेव्हा त्या तरुण आणि गरोदर होत्या. त्यांचे मूल जगले नाही. ज्या कागदी व्यवहाराने त्यांचे बेट गेले होते, त्याच्या उत्तरादाखल या वेळी कागद नव्हता, माणसाचा आवाज होता.

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने आपले मत दिले: मॉरिशसचे वसाहतमुक्तीकरण कायदेशीररीत्या पूर्ण झालेले नाही आणि ब्रिटनने चागोसचा कारभार शक्य तितक्या लवकर सोडावा. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी तसाच ठराव केला. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे असल्यामुळे ब्रिटनवर सक्ती नव्हती. नैतिक दडपण मात्र वाढत गेले. २२ मे २०२५ रोजी दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या. त्यानुसार चागोसवर मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य व्हायचे, दिएगो गार्सियाचा तळ ब्रिटनकडे ९९ वर्षे राहायचा आणि त्याबदल्यात मॉरिशसला दरवर्षी मोठी रक्कम मिळायची, असे ठरले. सह्या झाल्या म्हणजे करार अमलात आला असे नाही. त्यासाठी दोन्हीकडील कायदेशीर पूर्तता व्हावी लागते.

चागोसच्या लोकांचे या करारावर एकमत नाही. दिएगो गार्सिया सोडून अन्य बेटांवर पुनर्वसन करण्याची मुभा मॉरिशसला त्यात आहे. काहींना ही आयुष्यभर वाट पाहिलेली परतवाट वाटते. ब्रिटनमध्ये, विशेषतः क्रॉली या गावी, स्थायिक झालेल्यांपैकी अनेकांची तक्रार अशी, की १९६५ मध्ये आम्हांला विचारले नाही आणि २०२५ मध्येही विचारले नाही. ज्यांचा जन्म दिएगो गार्सियावर झाला, त्यांना स्वतःच्या आईवडिलांची दफनभूमी पाहायलाही तळाची परवानगी लागते.

शब्दार्थ

अंकित – ताब्यातील, दुसऱ्याच्या सत्तेखालील
द्वीपसमूह – बेटांचा समूह
प्रवाळ – पोवळे. समुद्रातील सूक्ष्म जीवांनी तयार केलेला चुनखडीचा थर
अष्टपाद – आठ भुजांचा समुद्रजीव
पटकी – कॉलरा
अनन्य – केवळ एकाचाच
सार्वभौमत्व – सर्वोच्च सत्ता
वसाहतमुक्तीकरण – परकीय सत्तेखालील प्रदेश स्वतंत्र होण्याची प्रक्रिया

पाठान्त प्रश्न

१. रॉड्रिग्जला स्वायत्तता देण्याची आवश्यकता का निर्माण झाली, ते पाठाच्या आधारे लिहा.
२. अगालेगाच्या रहिवाशांना नव्या धावपट्टीविषयी वाटणारी भीती आणि चागोसचा इतिहास यांचा संबंध स्पष्ट करा.
३. 'माणसे होती, कागदावर ती नाहीशी करण्यात आली.' या विधानाचा आशय सात-आठ ओळींत लिहा.
४. पुढील दोन वाक्यांच्या अर्थांत काय फरक पडतो ते सांगा:
(अ) सर्व मुलांना, विशेषतः रमेश व सलमा यांना, बक्षिसे द्यावीत.
(आ) मुलांना, म्हणजे रमेश व सलमा यांना, बक्षिसे द्यावीत.
५. तुम्हांला न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही मागितली गेली, तर सहीपूर्वी तुम्ही कोणते प्रश्न विचाराल? असे पाच प्रश्न तयार करा.